संगणक जाळ्यातील वाट : मार्गनिर्धारण आणि गावाचा दुसरा रस्ता

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सुरत शहराच्या ईशान्येस, तापी नदीच्या काठी कामरेज हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वी ८ क्रमांकाने ओळखला जाणारा हा महामार्ग आता ४८ क्रमांकाचा झाला आहे. दक्षिणेकडून पलसाणा व कडोदरा मागे टाकून आलेली वाहने कामरेजच्या चौकात पोहोचतात. तेथून एक रस्ता पश्चिमेस सुरत शहरात शिरतो, तर महामार्ग तापीवरील पूल ओलांडून भरूचच्या दिशेने पुढे जातो. वाटांचे गाव ही कामरेजची ओळख फार जुनी आहे. प्राचीन ताम्रपटांत आढळणारे ‘कार्मणेय’ हे नाव अभ्यासक याच गावाचे मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास समुद्रमार्गे चालणाऱ्या व्यापाराच्या खुणाही येथील उत्खननात मिळाल्या आहेत. पुढे गायकवाडांच्या बडोदे संस्थानात कामरेज नवसारी प्रांतात मोडत असे.

अशा चौकात येणाऱ्या प्रत्येक वाहनचालकापुढे एकच प्रश्न असतो : पुढे कोणत्या रस्त्याने जावे? जवळच्या रस्त्याने, मोकळ्या रस्त्याने, की जो निश्चितपणे खुला आहे त्या रस्त्याने? आज तालुक्याच्या कचेरीतून सातबाराचा उतारा मागणारा संदेश निघतो, ग्रामपंचायतीच्या संगणकावरून दाखल्याचा अर्ज जातो, शाळेतील मुलांची हजेरी नोंदविली जाते. या प्रत्येक संदेशापुढेही वाटेत ठिकठिकाणी हाच प्रश्न उभा राहतो. संदेशाला योग्य वाट दाखविण्याच्या या कार्यास मार्गनिर्धारण, अर्थात राउटिंग, असे म्हणतात. ‘आज नेट नाही, उद्या या’ हे उत्तर ऐकून जो शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून परत जातो, त्याच्या दृष्टीने हा विषय केवळ तज्ज्ञांचा राहत नाही. ते उत्तर पुष्कळदा संगणकाच्या दोषामुळे नव्हे, तर संदेशाला वाट न मिळाल्यामुळे द्यावे लागते. म्हणून ही वाट कशी ठरते व ती सुधारण्यासाठी काय करता येते, हे सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

संदेशाचे तुकडे आणि त्यांचे वाटाडे

संगणकाच्या जाळ्यातून जाणारा मजकूर अखंड स्वरूपात जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात, आणि त्याचा आकार सामान्यतः १५०० बाइटांपर्यंत असतो. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. ही पॅकेटे स्वतंत्रपणे प्रवास करतात आणि शेवटच्या मुक्कामी पुन्हा क्रमाने जुळविली जातात. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी ही कल्पना एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. जाळ्याचा एखादा भाग नष्ट झाला तरी उरलेल्या भागातून संदेश पोहोचावा, हा बॅरन यांचा मुख्य हेतू होता.

जाळ्यातील प्रत्येक नाक्यावर जे यंत्र पॅकेटाचा पत्ता वाचून त्यास पुढे रवाना करते, त्यास राउटर म्हणतात. त्याला वाटाड्या म्हणण्यास हरकत नाही. मात्र या वाटाड्याचे वैशिष्ट्य असे की, तो संपूर्ण प्रवासाची आखणी पॅकेटावर लिहून देत नाही. आपल्याजवळील मार्गसारणी पाहून तो फक्त पुढचा नाका कोणता एवढेच ठरवितो. पुढच्या नाक्यावरील राउटर पुन्हा आपल्या सारणीप्रमाणे निर्णय घेतो. अशा रीतीने प्रत्येकाने आपल्यापुरता निर्णय बरोबर घेतला, तर पॅकेट मुक्कामी पोहोचते. एकाची सारणी चुकली, तर ते भरकटते किंवा दोन नाक्यांमध्ये येरझारा घालीत राहते. असे पॅकेट अनंतकाळ फिरत राहू नये म्हणून त्यावर एक संख्या लिहिलेली असते. प्रत्येक नाक्यावर ती एकाने कमी होते आणि शून्य झाली की पॅकेट टाकून दिले जाते.

पिन क्रमांकाची शिकवण

जगात कोट्यवधी संगणक व दूरध्वनी संच या जाळ्याला जोडलेले आहेत. प्रत्येक राउटरने त्या सर्वांचे पत्ते लक्षात ठेवणे शक्य नाही. ही अडचण कशी सोडविली जाते, हे समजण्यासाठी आपल्या टपाल खात्याचे उदाहरण पुरेसे आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. ती आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी भाषक व संस्कृतचे पंडित होते. सहा अंकांच्या या क्रमांकाचा पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो. गुजरात व राजस्थान यांचा अंक ३ आहे, तर महाराष्ट्राचा ४. कामरेजकडे जाणाऱ्या पत्रावरील क्रमांक ३९४ ने सुरू होतो. नागपूरच्या टपाल छाननी कार्यालयातील कर्मचाऱ्याला कामरेज कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिले अंक पाहून त्याने पत्र योग्य दिशेच्या थैलीत टाकले की त्याचे काम झाले. पुढचे अंक पुढच्या कार्यालयाने वाचावयाचे असतात.

संगणक जाळ्यातील पत्तेही याच तत्त्वाने वाचले जातात. पत्त्याचा आरंभीचा भाग पाहून अनेक पत्त्यांचा समूह एकाच नोंदीखाली आणता येतो. १९९३ मध्ये या समूहांचा आकार गरजेनुसार लहानमोठा ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली, आणि त्यामुळे फुगत चाललेल्या मार्गसारण्यांना आळा बसला. तरीही जागतिक जाळ्याच्या मोठ्या नाक्यांवरील सारणीत आज १० लाखांच्या आसपास नोंदी असतात. एकाच पत्त्यास लागू पडणाऱ्या दोन नोंदी आढळल्या, तर अधिक नेमकी नोंद खरी मानली जाते. ‘३ म्हणजे गुजरातकडे’ आणि ‘३९४ म्हणजे सुरत जिल्ह्याकडे’ अशा दोन सूचना असतील, तर कामरेजचे पत्र दुसऱ्या सूचनेप्रमाणे जाणार हे उघड आहे.

कमीत कमी खर्चाची वाट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अनेक वाटा उपलब्ध असता त्यांतील उत्तम वाट कशी शोधावी? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये शोधले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगन या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, असा प्रश्न त्यांनी उदाहरणादाखल घेतला होता. ॲम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात बसले असता, कागद-पेन्सिलीशिवाय, सुमारे २० मिनिटांत ही रीत त्यांना सुचली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजचे असंख्य राउटर तिचाच उपयोग करतात.

ही रीत एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, कामरेज, सुरत, बारडोली व नवसारी ही जाळ्यातील चार नाकी आहेत. प्रत्येक दुव्याला एक ‘खर्च’ ठरवून दिला आहे. रुंद व वेगवान दुव्याचा खर्च कमी, अरुंद दुव्याचा अधिक. कामरेज ते सुरत २, कामरेज ते बारडोली ५, सुरत ते बारडोली २, सुरत ते नवसारी ७ आणि बारडोली ते नवसारी २, असे हे खर्च धरू. संदेश कामरेजहून नवसारीस पाठवावयाचा आहे.

प्रथम कामरेजचे शेजारी पाहावयाचे. सुरतेचा खर्च २ व बारडोलीचा ५ आहे. यांतील लहान आकडा २ असल्यामुळे सुरतेची वाट पक्की झाली. आता सुरतेवरून पुढे पाहावयाचे. तेथून बारडोलीस एकूण खर्च २ अधिक २, म्हणजे ४ येतो. तो आधीच्या ५ पेक्षा कमी आहे, म्हणून जुना आकडा खोडून ४ लिहावयाचा. सुरतेवरून नवसारीस एकूण ९ येतात, तेही टिपून ठेवावयाचे. उरलेल्यांत लहान आकडा बारडोलीचा, म्हणून तो पक्का. बारडोलीवरून नवसारीस ४ अधिक २, म्हणजे ६ येतात. ते ९ पेक्षा कमी आहेत. यावरून कामरेज, सुरत, बारडोली, नवसारी ही वाट सर्वांत कमी खर्चाची ठरली. वास्तविक ती सर्वांत अधिक नाक्यांची आहे, तथापि वेगाच्या दृष्टीने तीच श्रेयस्कर आहे. कमी नाक्यांची किंवा नकाशावर जवळ दिसणारी वाट खरोखर जवळची असेलच असे नाही, हा या उदाहरणाचा पहिला बोध आहे.

दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. समजा, सुरत ते बारडोली हा दुवा तुटला. राउटर पुन्हा हिशेब करील आणि कामरेज, बारडोली, नवसारी अशी ७ खर्चाची वाट शोधून काढील. वापरणाऱ्यास बिघाडाची जाणीवही होणार नाही. परंतु कामरेजला मुळात सुरतेचा एकच दुवा असता आणि तोच तुटला असता, तर डाइक्स्ट्रा यांच्या रीतीलाही काही करता आले नसते. निवड करण्याची कला कितीही प्रगत असली, तरी निवडण्याजोगे दोन मार्ग आधी अस्तित्वात असावे लागतात.

वार्ता पोहोचण्याचा वेग

दुवा तुटल्याची वार्ता इतर राउटरांना कळणार कशी? याचे उत्तर शोधताना जाळ्याच्या जनकांना अनेक वर्षे खर्ची घालावी लागली. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले. तेथील राउटर प्रारंभी फक्त आपल्या शेजाऱ्याला सांगत : ‘माझ्यापासून अमुक ठिकाण इतके दूर आहे.’ शेजारी त्यात आपले अंतर मिळवून पुढच्यास सांगे. या पद्धतीत चांगली वार्ता लवकर पसरते, पण वाईट वार्ता फार हळू पसरते. तुटलेल्या मार्गाविषयी दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून राहतात आणि पॅकेटे त्यांच्यामध्ये घोटाळत राहतात. गावात एखादी जुनी वार्ता ‘त्याने सांगितली’, ‘याने सांगितली’ अशी फिरत राहते, तसाच हा प्रकार होय.

म्हणून १९७९ मध्ये अर्पानेटने नवी पद्धत स्वीकारली. प्रत्येक राउटरने केवळ स्वतःच्या दुव्यांची स्थिती सर्वांना कळवावी, आणि प्रत्येकाने त्या माहितीवरून संपूर्ण जाळ्याचा नकाशा तयार करून वाट स्वतः शोधावी, असे ठरले. ऐकीव अंतरांऐवजी मूळ माहिती प्रसृत होऊ लागल्याने मार्गबदल त्वरित होऊ लागले. १९८९ पासून प्रचारात आलेली ओएसपीएफ ही प्रणाली याच तत्त्वावर उभी असून सरकारी व खाजगी जाळ्यांत ती सर्वत्र वापरली जाते.

तथापि जी माहिती सर्वांपर्यंत पोहोचते ती अचूक असणे तितकेच आवश्यक आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेटमध्ये एका यंत्रातील दोषामुळे बिघडलेल्या काही सूचना प्रसृत झाल्या. जुनी कोणती व नवी कोणती हेच राउटरांना ठरविता येईना. त्याच सूचना पुनःपुन्हा फिरत राहिल्या आणि सर्व जाळे कित्येक तास ठप्प झाले. एका नाक्यावरील चुकीची नोंद सर्वांना अडवू शकते, हा धडा त्या दिवशी मिळाला.

गर्दी आणि दोलायमान वाट

वाट निवडताना गर्दीचाही विचार करावा लागतो. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून नेहमी प्रवास करणाऱ्यांना भरूचजवळील नर्मदेचा पूल आठवेल. कामरेजपर्यंत वेगाने आलेली वाहने पूर्वी तेथे तासन्‌तास खोळंबत. ७ मार्च २०१७ रोजी नवा पूल खुला झाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. संगणक जाळ्यातही सर्व मार्ग रुंद असला आणि एकच दुवा अरुंद असला, तर संपूर्ण प्रवासाची गती त्या दुव्याएवढीच राहते. तेथे पॅकेटांची रांग लागते आणि रांगेची जागा भरली की पुढील पॅकेटे टाकून द्यावी लागतात.

मग गर्दी दिसताच वाट बदलावी, असे कोणीही म्हणेल. अर्पानेटमध्ये तसेच करून पाहण्यात आले. दुव्यावर होणारा विलंब मोजून त्याप्रमाणे खर्च ठरविला जाई. परिणाम विपरीत झाला. एका दुव्यावर गर्दी झाली की सर्वच राउटर दुसऱ्या दुव्याकडे धावत, तेथे गर्दी होई, मग सर्व पुन्हा पहिल्याकडे परतत. वाहतूक लंबकासारखी हेलकावे घेऊ लागली. १९८७ मध्ये खर्च ठरविण्याची रीत सुधारण्यात आली. खर्च एकदम न वाढविता मर्यादेत व टप्प्याटप्प्याने वाढवावा, म्हणजे काही वाहतूक हलेल व काही राहील, असे धोरण ठेवण्यात आले. आजही जाणते अभियंते समान खर्चाच्या दोन वाटांवर भार विभागून देणे पसंत करतात. धावपळीने केलेली सुधारणा ही नेहमीच सुधारणा असते असे नाही, हे प्रशासनातील सर्वांनाच पटण्याजोगे आहे.

दिल्लीमार्गे आणि परदेशमार्गे

आपल्या देशातील अनुभवही बोधप्रद आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने निकनेट हे उपग्रहाधारित जाळे उभारून जिल्ह्यांची मुख्यालये जोडली. ज्या काळी जिल्ह्याशी दूरध्वनीवर बोलणेही दुरापास्त होते, त्या काळी हे कार्य मोठेच होते. मात्र जिल्ह्यांतील लहान उपग्रह केंद्रे दिल्लीच्या मुख्य भू-केंद्रामार्फतच एकमेकांशी जोडली जात. सुरतेहून शेजारच्या जिल्ह्यास संदेश पाठवावयाचा तर तो आधी उपग्रहामार्फत दिल्लीस उतरे आणि तेथून पुन्हा उपग्रहामार्फत त्या जिल्ह्यास जाई. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. एकदा वर जाऊन खाली येण्यास साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे असा संदेश एकतर्फी पोहोचण्यास अर्धा सेकंद आणि उत्तर परत येईपर्यंत सुमारे एक सेकंद लागे. सर्व फाटे एकाच केंद्राला मिळतात अशा या रचनेस तारकाकृती रचना म्हणतात. ती उभारण्यास सोपी व देखरेखीस सुलभ असते. पण केंद्रावर भार पडतो आणि शेजाऱ्याकडेही केंद्रामार्फतच जावे लागते. पुढे गुजरातेत उभारलेल्या जीस्वान या राज्यव्यापी जाळ्यातही राज्य, जिल्हा व तालुका अशी तीन स्तरांची बांधणी करण्यात आली.

आंतरजालाच्या बाबतीत हा वळसा अधिकच मोठा होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात आंतरजाल सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुढे अनेक सेवादाते आले, पण ते एकमेकांशी देशात थेट जोडलेले नव्हते. त्यामुळे एका सेवादात्याच्या ग्राहकाने दुसऱ्याच्या ग्राहकास पाठविलेला संदेश पुष्कळदा समुद्राखालील तारेने परदेशात जाऊन परत येई. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कामरेज ते मुंबई हे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर तो दीड हजारांश सेकंदाच्या आत कापतो. तोच संदेश सिंगापूरमार्गे मुंबईस परत आणावयाचा तर जाऊन-येऊन किमान ७,८०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ४० हजारांश सेकंद लागतील. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून वळसा घेतल्यास शंभराहून अधिक. एका पानासाठी संगणकाला अशी देवघेव अनेकदा करावी लागत असल्याने हा विलंब वाढत जातो. शिवाय परदेशी तारेच्या वापराचे शुल्क पडते ते वेगळेच.

सेवादात्यांमधील मार्ग १९८९ मध्ये प्रथम तयार झालेल्या बीजीपी या प्रणालीने ठरतात. तिच्यात केवळ अंतर पाहिले जात नाही. कोणाशी करार आहे, कोणाला शुल्क द्यावे लागते, यावरही वाट ठरते. म्हणून येथील सुधारणा गणिताने नव्हे, तर संस्थात्मक उपायाने झाली. २००३ मध्ये भारतीय राष्ट्रीय आंतरजाल विनिमय केंद्र, म्हणजे निक्सी, ही नफा न कमावणारी कंपनी स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई व कोलकाता आणि पुढे इतर शहरांत तिने विनिमय केंद्रे उघडली. तेथे सेवादात्यांनी आपापली तार आणून जोडावी व देशातील संदेश देशातच परस्परांना द्यावेत, अशी ही व्यवस्था आहे. शेजारच्या दोन गावांनी आठवड्याचा बाजार मध्ये कोठेतरी भरविला, म्हणजे दोघांनाही दूरच्या पेठेत जाण्याचे कारण उरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

बीजीपीचा कारभार बहुतांशी परस्पर विश्वासावर चालतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने देशांतर्गत बंदीसाठी तयार केलेली यूट्यूबच्या पत्त्यांची नोंद चुकून बाहेर पसरली. ती अधिक नेमकी असल्यामुळे जगभरच्या राउटरांनी ती खरी मानली आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात ती सेवा मिळेनाशी झाली. अशा नोंदींची सत्यता अंकीय स्वाक्षरीने पडताळण्याची पद्धत त्यानंतरच्या काळात प्रचारात आली आहे.

ओळीतून कड्याकडे

गावापर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे तिचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत दुसऱ्या टप्प्याचे काम राज्यांच्या स्वतःच्या यंत्रणांमार्फत हाती घेण्यात आले. पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून गावाकडे जाणारी एकेरी तार टाकण्यात आली होती. झाडाच्या फांदीला पाने असावीत तशी गावे तिला जोडलेली होती. फांदी कोठेही मोडली की तिच्या पुढची सर्व पाने सुकणार हे ठरलेलेच. रस्तारुंदीचे काम, जलवाहिनीसाठी खणलेला चर किंवा जेसीबीचा एक घाव एवढे कारण त्यास पुरे होई.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने सुधारित भारतनेट कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. त्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल रचनेचा आहे. ग्रामपंचायती आता ओळीने न जोडता कड्याच्या आकारात जोडावयाच्या आहेत, आणि तालुका व ग्रामपंचायत पातळीवर राउटर बसवावयाचे आहेत. कड्यामध्ये प्रत्येक गावाला दोन बाजू असतात. एका बाजूची तार तुटली तर संदेश उलट दिशेने फिरून तालुक्यास पोहोचतो. वर सांगितलेल्या उदाहरणातील दुसरी वाट गावाला मिळते ती अशी.

मात्र कडे कागदावर असणे आणि जमिनीत असणे यांत फरक आहे. कड्याच्या दोन्ही बाजू एकाच चरातून किंवा एकाच पुलावरून नेल्या, तर एकाच घावाने दोन्ही तुटतील. नकाशावर त्या दोन दिसल्या तरी प्रत्यक्षात तो एकच मार्ग होय. तापीसारख्या नदीकाठच्या तालुक्यात पूल मोजकेच असतात, म्हणून तेथे ही दक्षता विशेष घ्यावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, कड्यातील पहिला बिघाड कोणालाच जाणवत नाही. काम सुरळीत चाललेले दिसते आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. मग दुसरीकडे तार तुटली की मधली सर्व गावे एकदम तुटतात. म्हणून कड्यातील न जाणवणारा बिघाड हाच तातडीचा बिघाड समजावयास हवा.

सर्वांचा सहभाग

या कामी ग्रामपंचायतींना पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. गावाच्या हद्दीतून तार कोठून जाते याची माहिती कार्यालयात ठेवावी. खोदकामापूर्वी तार, नळ व वायुवाहिन्यांच्या मालकांना सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ ही मोबाइल सुविधा सुरू केली आहे. ठेकेदाराने तिचा उपयोग केला आहे किंवा नाही, हे काम सुरू होण्यापूर्वीच विचारावे. राउटरचा वीजपुरवठा रात्री बंद करण्याची सवय सोडावी. कारण कड्यातील एक राउटर बंद पडला तर त्या जागी कडेच तुटते आणि शेजारच्या गावांचा दुसरा मार्ग नाहीसा होतो. गावातील यंत्र केवळ त्या गावाचे नसते, ते शेजाऱ्यांच्या वाटेवरील नाकेही असते.

कार्यालयांनी ‘नेट नाही’ एवढीच तक्रार न नोंदविता बिघाड कोठे आहे हे पाहावे. संगणकावरील ट्रेसराउट नावाच्या साध्या आज्ञेने संदेश कोणकोणत्या नाक्यांवरून जातो व कोठे अडतो याचा अंदाज येतो. नाक्याचा तपशील दिलेली तक्रार तंत्रज्ञास थेट दुरुस्तीच्या जागी नेते. नव्या जोडणीचा प्रस्ताव मंजूर करताना दोन्ही मार्ग खरोखर वेगळ्या रस्त्यांनी जातात काय, हा प्रश्न संबंधितांनी अवश्य विचारावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात खेळातून शिकविता येईल. १० विद्यार्थ्यांना नाकी समजून त्यांच्यामध्ये दोऱ्या धराव्यात, प्रत्येक दोरीला खर्चाचा आकडा बांधावा आणि चिठ्ठी कमीत कमी खर्चात पोहोचविण्यास सांगावे. मध्येच एक दोरी सोडावी. दोन दोऱ्या हाती असलेला विद्यार्थी चिठ्ठी दुसरीकडून पाठवील आणि एकच दोरी असलेला तसाच उभा राहील. गणित, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा एक एक धडा त्यातून आपोआप होईल.

कामरेजच्या चौकातील चालकाला एक रस्ता बंद दिसला तर तो दुसरा धरतो. त्याला तसे करता येते, कारण कोणीतरी पूर्वीच दुसरा रस्ता बांधून ठेवलेला असतो. संदेशांच्या बाबतीतही राउटरचे गणित आपले काम चोख करीत आले आहे. त्याला निवड करता यावी म्हणून प्रत्येक गावाला दुसरी वाट देणे आणि दिलेली वाट शाबूत राखणे, हे काम मात्र माणसांचे आहे. ते झाले, तर उताऱ्यासाठी कचेरीच्या दारी आलेल्या शेतकऱ्यास ‘उद्या या’ असे सांगण्याची वेळ क्वचितच येईल.